सरदारीण दाशकोवा: राणीला गादीवर बसवणारी, की तसं सांगणारी?

सांजवात (सदर: इतिहास)

आधी एक प्रसंग सांगते, माणसं मागाहून.

२० डिसेंबर १७६१ची रात्र, सेंट पीटर्सबर्ग. सम्राज्ञी एलिझाबेथ शेवटच्या घटका मोजतेय. अठरा वर्षांची एक बाई आजारी असूनही अंथरुणातून उठते, फरचा कोट अंगावर ओढते आणि मध्यरात्री मोइका नदीकाठच्या लाकडी राजवाड्यात मागच्या जिन्यानं शिरते. वर युवराज्ञी कॅथरीन निजायला टेकलेली. ती या पोरीला थंडीनं काकडलेली बघून आधी आपल्याच पांघरुणात घेते आणि मग विचारते, एवढ्या रात्री काय काढलंस? पोरगी म्हणते, तुमचा नवरा गादीवर बसला की तुमची धडगत नाही. काही बेत आखलाय का? कॅथरीन म्हणते, बेत कसला, देवावर हवाला.

आता गंमत बघा. त्या घटकेला कॅथरीन ग्रिगोरी ऑर्लोवपासून पाच महिन्यांची गरोदर होती. हा ऑर्लोव आणि त्याचे भाऊ रक्षक-पलटणीत तिच्यासाठी माणसं जोडत होते. आणि एकाच पांघरुणात बसलेल्या या मुलीला त्यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं.

ही मुलगी म्हणजे येकातेरिना रोमानोव्ना दाशकोवा, माहेरची व्होरोंत्सोवा, जन्म १७४३. मराठीत कुठे कुठे ‘राजकुमारी’ लिहितात, पण रशियन ‘क्न्यागिन्या’ म्हणजे राजाची लेक नव्हे, जुन्या सरदार घराण्यातली सून. म्हणून मी सरदारीण म्हणते.

आई लहानपणीच गेली. बाप रोमान व्होरोंत्सोव पैसे खाण्याबद्दल इतका प्रसिद्ध, की लोक त्याला ‘मोठ्या खिशाचा रोमान’ म्हणत. पोरगी वाढली काकाकडे, आणि काका मिखाइल व्होरोंत्सोव पुढे साम्राज्याचा चॅन्सेलर झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता कोण, तर खुद्द सम्राज्ञी एलिझाबेथ. धर्मपिता कोण, तर युवराज पीटर, ज्याला पुढे हिच्याच मैत्रिणीनं गादीवरून खाली ओढलं. वर सख्खी मोठी बहीण एलिझाव्हेता त्याच पीटरची उघड उघड ठेवलेली बाई. म्हणजे पीटर टिकला असता तर व्होरोंत्सोवांचं घर सोन्यानं भरलं असतं, आणि ही बया गेली विरुद्ध बाजूला.

का गेली? माझ्या मते उत्तर गोवरात आहे. चौदाएक वर्षांची असताना तिला गोवर निघाला. दरबारी आज्ञा अशी, की ज्या घरात देवी-गोवर त्यांनी राजवाड्यापासून लांब राहायचं, कारण कॅथरीनच्या छोट्या मुलाला, राजपुत्र पावेलला, लागण व्हायला नको. तिला खेड्यात धाडलं. सोबतीला कुणी नाही. तिथे तिनं वाचायला घेतलं ते आयुष्यभर. बेल, माँतेस्क्यू, व्होल्तेअर असे फ्रेंच विचारवंत. लग्नाच्या वेळी तिच्याकडे नऊशे पुस्तकं होती असं ती सांगते. अशा मुलीला काकाच्या घरी एका संध्याकाळी युवराज्ञी भेटली. तिनंही तीच पुस्तकं वाचलेली. निघताना युवराज्ञीच्या हातून पंखा पडला, हिनं उचलून दिला, आणि ती म्हणाली, राहू दे तुझ्याकडेच, आठवण म्हणून. एकीचं वय पंधरा, दुसरीचं एकोणतीस. कोण कुणात गुंतलं असेल हे सांगायला नको.

१७५९मध्ये मिखाइल दाशकोवशी लग्न झालं. सासर मॉस्कोचं, आणि सासूला फ्रेंच येईना. चॅन्सेलरच्या घरात वाढलेल्या या सुनेला फ्रेंच, जर्मन, इटालियन येत होतं, पण रशियन धड नाही! सासूशी बोलायचं म्हणून ती रशियन शिकायला बसली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२८ जून १७६२ (जुन्या रशियन पंचांगानं), पीटर गादीवर बसल्यानंतरचा कटाचा दिवस. पहाटे अलेक्सेई ऑर्लोवनं कॅथरीनला पीटरहोफमध्ये झोपेतून उठवलं, बग्गीत घातलं, शहरात आणलं. पलटणींनी शपथा घेतल्या. आणि ‘कटाची सूत्रधार’ कुठे? घरी! तिनं खास पुरुषी कपडे शिवायला टाकले होते, आणि शिंप्यानं वेळेवर दिले नाहीत. हे तिनं स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून मला ती आवडते.

मग ती राजवाड्याकडे धावली. गर्दीतल्या सैनिकांनी तिला डोक्यांवरून उचलून आत पोचवलं. दोघींनी अधिकाऱ्यांकडून उसने गणवेश घेतले, घोड्यांवर बसल्या आणि फौजेच्या पुढे पीटरहोफच्या रस्त्याला लागल्या. रात्री वाटेत क्रास्नी कबाक नावाच्या गुत्त्यात मुक्काम, एकाच कळकट बिछान्यावर दोघी, खाली कुणा कर्नलचा झगा. पीटरनं दुसऱ्या दिवशी राज्यत्याग केला आणि आठवडाभरात रोप्शाला त्याचा जीव गेला.

परतल्यावर ती कॅथरीनच्या दालनात शिरली, तर ग्रिगोरी ऑर्लोव कोचावर आडवा पडून सरकारी लखोटे फोडत बसलेला. शेजारी टेबलावर तिघांची जेवणाची पानं. तिला तेव्हा उलगडा झाला.

त्यानंतर महिन्याभरात कॅथरीननं आपला जुना प्रियकर पोनियातोव्स्की याला पत्र लिहिलं. त्यातला आशय असा: दाशकोवा सगळं श्रेय स्वतःकडे घेऊ पाहते, पण ती एकोणीस वर्षांची, तिच्या घरच्यांमुळे तिच्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि तिला ज्यांची नावंही ठाऊक नव्हती ते सहा महिने आधीपासून माझ्या संपर्कात होते.

तर माझा प्रश्न: खरं कुणाचं मानायचं? माझं मत असं, की कटाच्या बाबतीत कॅथरीन खरं बोलतेय, आणि दाशकोवाचं मोठेपण कटात नाहीच. ते वीस वर्षांनी सुरू झालं, आणि तेसुद्धा तिच्या मनाविरुद्ध. पण त्यावर नंतर. आधी तुम्ही बोला.

---

खडूफळा
पहिला नंबर! वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

निवडुंग
*कॅथरीन खरं बोलतेय?*

कॅथरीनचं पत्र पुरावा म्हणून घेताना जरा दमानं घ्या, ताई. नुकतीच गादी बळकावलेली बाई, अंगात रशियन रक्ताचा थेंब नाही, नवरा नुकताच मेलेला, आणि ती माजी प्रियकराला लिहितेय. ती एका पोरीला श्रेय देईल? आणि ऑर्लोवांना दिलेलं श्रेय तरी किती निर्मळ? पोराच्या बापाला मोठं करणं ही तिची गरज होती.

दाशकोवा निरुपयोगी नव्हती. निकिता पानिनसारखा माणूस, जो राजपुत्र पावेलचा शिक्षक होता, तिच्या सासरच्या नात्यातला आणि तिच्याशी बोलण्यातला. व्होरोंत्सोवांच्या घरातली मुलगी कॅथरीनच्या बाजूला आहे ही गोष्टच इतर सरदारांना धीर देणारी. तलवार न चालवताही माणूस उपयोगी पडतो.

---

सांजवात
@निवडुंग, पानिनचा मुद्दा मान्य. पण ‘उपयोगी पडली’ आणि ‘मी घडवून आणलं’ यांत अंतर आहे. पीटरनं तिला एकदा बजावलं होतं म्हणे, की माझ्यासारख्या आणि तुझ्या बहिणीसारख्या भोळ्या माणसांबरोबर राहणं बरं, ते थोर बुद्धीचे लोक लिंबाचा रस पिळून साल फेकून देतात. हे वाक्यही तिच्याच आठवणींत आहे. सालीनंच लिहून ठेवलंय!

---

गुळपोळी
लिंबाची साल 😂

बाकी दरबारात या बायकांचं नेमकं काम काय असायचं? म्हणजे नुसतं मिरवायचं की पगारबिगार?

---

पाटीपेन्सिल
*गुळपोळी यांना*

उतरंड होती. पीटर द ग्रेटनं १७२२मध्ये दर्जांचा तक्ता काढला, त्यात बायकोचा मान नवऱ्याच्या हुद्द्यावरून ठरायचा. अपवाद दरबारी नेमणुकीच्या बायकांचा, त्यांना स्वतःचा दर्जा. खालच्या पायरीला ‘फ्रेलिना’, म्हणजे लग्न न झालेल्या मुली. त्यांच्या डाव्या खांद्याशी सम्राज्ञीच्या आद्याक्षरांचं हिऱ्यांचं पदक असायचं. लग्न ठरलं की फ्रेलिनापण संपलं, जाताना दरबारातून हुंडा मिळायचा. वरच्या पायरीला ‘स्टाट्स-दामा’, बहुतेक बड्या अधिकाऱ्यांच्या बायका, त्यांच्या छातीवर सम्राज्ञीचं रत्नजडित छोटं चित्र.

काम म्हणाल तर हजर राहणं. उभं राहणं. पत्ते खेळणं. सम्राज्ञीचा चेहरा वाचणं. दाशकोवाला यातलं शेवटचं काम कधीच जमलं नाही असं दिसतं.

---

वकीलसाहेबांची_सून
एक मुद्दा सुटतोय. १७५३पासून रशियात विवाहित सरदारणीला आपली जमीनजुमला नवऱ्याला न विचारता विकता-घेता येत होता. इंग्लंडात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात, आणि हे पार १८८२च्या कायद्यापर्यंत. म्हणजे मतस्वातंत्र्य शून्य, पण सातबारा स्वतःच्या नावावर, अशी ती गंमत.

दाशकोवाला हे फार उपयोगी पडलं. नवरा १७६४मध्ये पोलंडच्या मोहिमेवर गेला तो तिकडेच वारला. मागे दोन लहान मुलं आणि डोंगराएवढं कर्ज. एकविसाव्या वर्षी विधवा. कटानंतर बक्षीस मिळालेले २४,००० रूबल आधीच नवऱ्याची देणी भागवण्यात गेले होते. मग ती खेड्यात जाऊन राहिली, काटकसर केली आणि कर्ज फेडलं. मला तिच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो इथे. घोड्यावर बसणं सोपं असतं हो.

---

सांजवात
*मनाविरुद्ध मिळालेलं काम*

वकीलसाहेबांच्या सूनबाई, अगदी. आणि त्या कर्जफेडीतूनच पुढची दाशकोवा तयार झाली असं मला वाटतं.

ती युरोपात दोनदा गेली. पहिल्यांदा १७६९ ते १७७१, ‘मादाम मिखाल्कोवा’ या खोट्या नावानं. पॅरिसात तत्त्वज्ञ दिदेरोशी तासन्‌तास गप्पा, फेर्नेला व्होल्तेअरची भेट. दुसऱ्यांदा मुलाच्या शिक्षणासाठी. या मुलाचंही नाव पावेलच; त्याला एडिंबरा विद्यापीठात घातलं, स्वतः होलीरूड राजवाड्यात बिऱ्हाड केलं. संध्याकाळी चहाला कोण, तर अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ, इतिहासकार विल्यम रॉबर्टसन, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक! मुलगा १७७९मध्ये एमए झाला. मुलाच्या परीक्षेचं आईलाच जास्त टेन्शन, हे तेव्हाही होतं.

१७८२मध्ये ती परतली. एका नृत्यसमारंभात कॅथरीननं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की विज्ञान अकादमीची संचालक तू हो. हिचे हातपाय गळाले. ती म्हणाली, त्यापेक्षा मला तुमच्या धोबिणींची मुकादम करा, आणि घरी येऊन नकाराचं पत्रही खरडलं. काही उपयोग झाला नाही. जानेवारी १७८३मध्ये हुकूम निघाला.

पहिल्या दिवशी तिनं काय करावं? ऑयलरच्या घरी गेली. तोच तो, गणिती लेओनहार्ड ऑयलर, तेव्हा आंधळा आणि पंचाहत्तरीचा. अकादमीतल्या राजकारणाला विटून त्यानं बैठकींना जाणं सोडलं होतं. त्याला म्हणाली, मला तुमच्यासोबत सभागृहात शिरू द्या. आत गेल्यावर अध्यक्षांशेजारच्या मानाच्या खुर्चीवर दुसरेच एक प्राध्यापक टेकू पाहत होते. तिनं ऑयलरला मोठ्यानं सांगितलं, तुम्ही कुठेही बसा, तुम्ही बसाल ती खुर्ची पहिली. सगळी अकादमी त्या क्षणी तिच्या बाजूला झाली असणार. ऑयलर त्याच वर्षी सप्टेंबरात वारला, म्हणजे मुहूर्त थोडक्यात साधला.

मग नेहमीची हिशेबाची कामं: थकलेली देणी, गोदामात पडून राहिलेली पुस्तकं विकणं, रशियन प्राध्यापकांची रशियनमधून फुकट व्याख्यानं, रशियन शास्त्रज्ञ-कवी लोमोनोसोवचे ग्रंथ छापणं. आणि १७८३च्या ऑक्टोबरात दुसरी संस्था, रशियन अकादमी, फक्त भाषेसाठी. अध्यक्ष तीच. सहा खंडांचा शब्दकोश १७८९ ते १७९४ या काळात पुरा झाला, ४३,२५७ शब्द. आपल्या सरकारी कोशांचा वेग आठवला की हात जोडावेसे वाटतात. आणि कोशात तिनं नुसतं नाव लावलं नाही, Ц, Ш, Щ या अक्षरांचे सातशेच्या वर शब्द स्वतः जमवले. सासूशी बोलता यावं म्हणून रशियन शिकलेली सून!

---

खडूफळा
आणि ते ё (‘यो’) अक्षर? आमच्या रशियनच्या वर्गात बाई सांगायच्या की ते लेखक करामझिननं आणलं.

---

सांजवात
करामझिननं ते रूढ केलं. मांडलं होतं दाशकोवानं, नोव्हेंबर १७८३मध्ये, अकादमीच्या बैठकीत. कवी देर्झाविन, नाटककार फोनविझिन बसलेले. तिनं ‘योल्का’, म्हणजे सूचीपर्णी फर वृक्ष, हा शब्द काढला आणि विचारलं, की एका उच्चारासाठी दोन अक्षरं का लिहायची? e वर दोन टिंबं द्या, काम झालं. छापील पुस्तकात ते अक्षर उतरायला १७९५ उजाडलं. आजही निम्मे रशियन ती टिंबं द्यायचा कंटाळा करतात.

---

पाटीपेन्सिल
‘अॅ’ की ‘ॲ’ यावरून आपल्याकडे किती धागे शंभरी गाठून गेले ते आठवलं. मी गप्प बसतो.

अवांतर: तिचा भाऊ सेम्योन व्होरोंत्सोव लंडनमध्ये रशियाचा राजदूत होता. कलकत्त्यात १७९५मध्ये बंगाली नाटक उभं करणारा गेरासिम लेबेदेव कफल्लक होऊन लंडनला पोचला, तेव्हा त्याला मायदेशी परतायला याच सेम्योनची मदत झाली. घरातच भाषांचं वेड असावं.

---

निवडुंग
*आता थोडा कडू घोट*

सगळे आरती ओवाळताय म्हणून विचारतो. भूदासांचं, म्हणजे मालकाच्या जमिनीला जखडलेल्या शेतकऱ्यांचं काय? दिदेरोशी ‘तासन्‌तास गप्पा’ कशाबद्दल होत्या ते धाग्यात आलं नाही. त्यानं तिला रशियातल्या भूदासांच्या गुलामीबद्दल छेडलं, तेव्हा बाईंनी दृष्टान्त दिला: एक जन्मांध माणूस उंच कड्यावर राहतो, चहूबाजूंनी खोल दरी. तो मजेत खातो, पितो, गातो. मग एक डोळ्यांचा वैद्य येऊन त्याला दृष्टी देतो. आता त्याला दरी दिसते, उतरायची वाट मात्र नाही, आणि बिचारा झुरून जातो. म्हणजे आधी शिक्षण, मग स्वातंत्र्य. दिदेरो खुर्चीतून उडाला आणि बाईंच्या म्हणण्यानं त्याला ते पटलंसुद्धा!

मला नाही पटत. वैद्यानं सोबत दोरखंड आणायचा असतो, डोळे फोडलेलेच ठेवायचे नसतात. नऊशे पुस्तकं वाचून एवढंच सुचलं?

---

सांजवात
@निवडुंग, यावर माझ्याकडे बचाव नाही. तिची कर्जफेड, तिची व्याख्यानं, तिचा त्रोईत्स्कोयेचा वाडा, सगळं त्याच माणसांच्या श्रमावर. मी तो प्रसंग मुद्दाम टाळला नव्हता, पण राहिला खरा. बरं झालं आणलात.

---

गुळपोळी
तिच्या मुलांचं पुढे काय झालं? एमए झालेला मुलगा?

---

सांजवात
*गुळपोळी*

हा भाग वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं होतं. एवढं शिकवलेल्या पावेलनं १७८८मध्ये आईला न कळवता एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, आन्ना अल्फेरोवाशी लग्न केलं. दाशकोवानं सुनेचं तोंड पाहिलं ते मुलगा १८०७मध्ये वारल्यावर. म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. दोघी गळ्यात पडून रडल्या म्हणतात, आता काय उपयोग. मुलगी अनास्तासिया कर्जबाजारी, तिच्याशी इतकं बिनसलं की तिला वारसाहक्कातून काढलं. सासूसाठी भाषा शिकणारी बाई सुनेला घरात घेत नाही, याचं मला अजून कोडं आहे.

दरबारी शेवटही धड नाही. १७९३मध्ये अकादमीच्या छापखान्यातून क्न्याझ्निनचं ‘वादिम’ हे नाटक निघालं. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडालेलं वर्ष, आणि नाटकात प्रजासत्ताकाची भाषणं. कॅथरीन भडकली, प्रती जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी दाशकोवानं रजा मागितली. १७९६मध्ये कॅथरीन गेली, तिचा मुलगा पावेल झार झाला. आठवतोय ना, ज्याच्यासाठी हिला गोवरात शहराबाहेर काढलं होतं तो? त्यानं बापाचा सूड उगवला. ५३ वर्षांच्या आजारी बाईला ऐन हिवाळ्यात नोव्हगोरोद प्रांतातल्या कोरोतोवो खेड्यात, शेतकऱ्याच्या झोपडीत धाडलं. हुकूम असा, की तिथे बसून १७६२चे प्रसंग आठव. म्हणजे कटात तिचा हात मोठा होता हे अखेर कुणी मान्य केलं, तर पीटरच्या मुलानं! १७९७मध्ये सुटका झाली.

---

वकीलसाहेबांची_सून
शेवटचं वाक्य वाचून शहारा आला.

त्रोईत्स्कोयेच्या म्हातारपणाबद्दल लिहा ना. तिच्याकडे येऊन राहिलेल्या मार्था आणि कॅथरीन विल्मट या आयरिश बहिणींची पत्रं वाचलीत का? कॅथरीन विल्मट लिहिते, की ही बाई गवंड्यांना भिंत बांधायला शिकवते, स्वतः गाईंना चारा घालते, संगीत रचते, छापखान्यासाठी लिहिते, आणि देवळात पाद्री चुकला की मोठ्यानं त्याची चूक सुधारते. अशी एक आत्या प्रत्येक घरात असते.

---

सांजवात
हो, त्या विल्मट बहिणी नसत्या तर हा धागाच नसता! मार्था १८०३मध्ये आली, तिनं म्हातारीच्या मागे लागून फ्रेंचमध्ये आठवणी लिहून घेतल्या. १८०८मध्ये मार्था निघाली तेव्हा रशिया नेपोलियनच्या बाजूला आणि इंग्लंडशी वाकडं. जकातवाले कागद तपासणार या धास्तीनं तिनं मूळ हस्तलिखित जाळून टाकलं. नक्कल बहिणीनं आधीच नेली होती म्हणून वाचलं. दाशकोवा जानेवारी १८१०मध्ये गेली, पुस्तक लंडनला निघालं १८४०मध्ये.

@निवडुंग, या निमित्तानं मूळ मतात थोडी दुरुस्ती करते. साठीतली एकटी बाई, मुलगा दुरावलेला, ऐकायला एक परदेशी तरुणी. तिला सांगताना स्वतःच्या विशीचा कट जरा मोठा झाला असेल तर मी तिला खोटारडी म्हणणार नाही.

---

निवडुंग
एवढं चालेल. आता मीही थोडं देतो: कॅथरीनच्या हयातीत दाशकोवाशिवाय दुसऱ्या कुठल्या बाईनं विज्ञानाची अकादमी चालवली होती? एकीनंही नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनशी तिची १७८१मध्ये पॅरिसला भेट झाली, आणि १७८९मध्ये त्यानं तिला फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत घेतलं. तिथली पहिली बाई. दुसरी आली ती ऐंशी वर्षांनी.

---

खडूफळा
डुकरांचं प्रकरण कुणीच काढलं नाही! मी कुठेतरी ओझरतं वाचलंय.

---

सांजवात
हाहा, राहिलंच. पीटर्सबर्गजवळ किर्यानोवोला तिचा बंगला, शेजारी अलेक्सांद्र नारिश्किन. १७८८मध्ये नारिश्किनची डुकरं हिच्या बागेत घुसून फुलझाडं फस्त करून गेली. अकादमीच्या संचालिकाबाईंनी डुकरं ठार मारायचा हुकूम दिला. प्रकरण कोर्टात गेलं, बाईंना भरपाई द्यावी लागली. त्याआधी दोघांचं पाच साझेन, म्हणजे आपल्या दहाएक मीटर जमिनीवरून वाजलेलंच होतं. सम्राज्ञीच्या सचिवानं रोजनिशीत नोंद केलीय, की दरबारात दोघे शेजारी शेजारी बसले होते आणि एकमेकांकडे पाठ फिरवून असे दिसत होते, जणू साम्राज्याचा दोन तोंडांचा गरुडच.